चुलीतला लोखंडी डबा: घेण्याआधी तो निघेल कसा ते पाहा

गॅस घरोघर आला, पण विदर्भातल्या खेड्यात चूल काही विझली नाही. आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण, सणाचं पुरण, पाहुणे आले की वरणाचा मोठा गंज (पातेलं), हे सगळं आजही चुलीवरच होतं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तरी १४.२ किलोचं सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचं आणि बांधावर फुकट पडलेली पऱ्हाटी-तुराटी (कपाशीची आणि तुरीची वाळकी झाडं) आधी जाळायची, हा कापूसपट्ट्यातला साधा हिशेब आहे. अशा घरांत विटा-मातीच्या पक्क्या चुलीच्या पोटात लोखंडी डबा बसवतात. पुढून सरपणाचं तोंड, खाली जाळी, वर भांड्यांसाठी दोन गोल भोकं आणि मागे धुराड्याचं भोक, असा तो डबा. त्याचे तीन प्रकार मिळतात: आठवडी बाजारात जुन्या ड्रमच्या पत्र्याचा, तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करून दिलेला, आणि बिडाचा ओतीव.

दुकानदार तिघांचंही गुणगान एकाच शब्दात करतो: 'टिकाऊ'. पण कोणताही डबा कधी ना कधी काढावाच लागतो, आणि खरा फरक तिथे कळतो. चांगला डबा अर्ध्या तासात बाहेर येतो. वाईट डबा चूल फोडून, कधीकधी मागची भिंत हलवून निघतो. म्हणून हे परीक्षण उलट्या टोकापासून, म्हणजे जुना डबा काढण्यापासून सुरू केलं आहे.

डबा अडकतो कशाने

डबा सहज सरकत नाही याला तीन कारणं असतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम असतात. पहिलं म्हणजे लोखंडाचं फुगणं. अंधारात पत्रा मंद लाल दिसतो तेव्हा तो सुमारे ६०० अंशांवर असतो. १८ इंच लांबीचा डबा तेवढा तापला की लांबीत साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढतो. भाजलेली वीट साधारण त्याच्या निम्म्यानेच वाढते. गवंड्याने डबा विटांना चिकटवून, वरून सिमेंट मारून गच्च बसवला असेल तर वाढायला जागा नाही. मग एकतर विटांचा सांधा फुटतो, नाहीतर पत्रा आत पोटाला येतो. थंड झाल्यावर तो पोट आलेला पत्रा पूर्ववत होत नाही आणि विटांमध्ये पाचरीसारखा अडकून बसतो.

दुसरं कारण राख. पऱ्हाटीची राख क्षारांनी भरलेली असते. कोरडी असताना ती फारशी बिघाड करत नाही. पावसाळ्यात छपराच्या कवेलूतून गळलेलं किंवा गंज उतू जाऊन सांडलेलं पाणी तिला लागलं की पत्रा खायला सुरुवात होते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणजे फटीतला गंजच डब्याला आवळतो. तिसरं कारण होल्डफास्ट. फॅब्रिकेशनवाला दाराच्या चौकटीच्या सवयीने डब्याच्या दोन्ही बाजूंना पत्तीचे कान जोडून देतो आणि गवंडी ते सिमेंटमध्ये गाडतो. दाराच्या चौकटीला ते लागतात, चुलीतल्या डब्याला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. डबा स्वतःच्या वजनाने आणि वर ठेवलेल्या गंजाच्या भाराने जागेवर राहतोच.

काढायच्या आधी

काम उन्हाळ्यात, मृगाच्या आधी उरकावं. छपरातलं भोक उघडं पडतं आणि नव्या मातीला वाळायला ऊन लागतं. चूल पूर्ण एक दिवस विझलेली हवी. राखेखालचा निखारा सकाळीही जिवंत सापडतो, आणि बाजूला कुटाराची (भुशाची) पोती असतील तर आग लागायला एवढं पुरे.

धुराडं आधी झाडायचं, डबा नंतर. पोत्याचा बोळा दोरीला बांधून वरून दोन-तीनदा ओढला की सुटी काजळी खाली येते. चुलीच्या तोंडावर ओलं पोतं टाकून ठेवलं नाही तर ती सगळी काजळी स्वयंपाकघरभर होते. ओल्या सरपणाच्या चुलीत आत डांबरासारखा चकचकीत थर बसतो, तो बोळ्याने निघत नाही. तो पाइपच बदलावा.

पाइप कशाचा आहे हे हात लावण्याआधी ओळखा. केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकात आला आणि २००२ मध्ये थांबला. त्या काळातल्या निर्धूर चुलींना तीन-चार इंची सिमेंटचे पाइप बसवलेले आहेत आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. करडा रंग, खरखरीत अंग, वाजवल्यावर पत्र्यासारखा न वाजणारा बद्द आवाज, या खुणा. जुन्या स्पीकरचं चुंबक लावून पाहा: टिनाच्या पाइपाला चिकटतं, याला नाही. असा पाइप ग्राइंडरने कापायचा नाही, घणाने फोडायचा नाही, घासून साफही करायचा नाही. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तोंडाला बांधलेल्या रुमालाने अडत नाहीत, आणि फुफ्फुसात गेले की कर्करोगापर्यंतचा त्रास वीस-तीस वर्षांनी समोर येतो. साबणाच्या पाण्याने पाइप चिंब ओला करावा, सांध्यातली माती खरवडून तो अख्खा उचलावा आणि जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावा. कोंबड्यांना पाणी पाजायला किंवा नालीत टाकायला तो तुकड्याने वापरायची पद्धत गावोगाव दिसते, ती सोडलीच पाहिजे. धुराडं झाडायचं कामही अशा पाइपात करू नये, तो काजळीसकट उतरवावा.

आता सगळ्यात मोठा धोका, आणि गवंडी सहसा सांगत नाही तो. डब्याच्या वर विटांचा थर किंवा भानवसीची (चुलीमागच्या कट्ट्याची) फरशी असेल, तर ती कशावर उभी आहे ते पाहा. बऱ्याच चुलींत वेगळी आडवी फरशी टाकलेलीच नसते, डब्याचा वरचा काठ हाच आधार असतो. डबा ओढला की वरचं सगळं हातावर येतं. पुढच्या काठावरची माती दोन इंच खरवडली की विटांखाली फरशी आहे की लोखंड ते कळतं. लोखंड दिसलं तर आधी फळी आणि दोन बल्ल्यांचा टेकू, मग पुढचं काम.

काढायचा क्रम

सामान फार लागत नाही: छिन्नी, दोन किलोचा हातोडा, सब्बल, आरीचं सुटं पान, चार इंची ग्राइंडर, चष्मा, जाड हातमोजे, पोती आणि पाणी. ग्राइंडर घरच्या सिंगल फेजवर चालतो; लाईन जायच्या वेळा बघून काम धरावं, अर्धवट कापलेला डबा घेऊन रात्र काढण्यात मजा नाही.

जाळी आणि राख आधी काढून डबा आतून रिकामा करावा. मग चारही बाजूंनी काठालगतची माती छिन्नीने सोडवायची, विटेकडे न झुकता लोखंडाच्या अंगाने. फट मोकळी झाली की आरीचं पान फडक्यात धरून तिच्यात खालून वर फिरवावं. जिथे पान थांबतं तिथे होल्डफास्ट आहे. पत्ती पातळ असेल तर पानानेच कापते. जाड असेल तर कानासमोरचा डब्याचा पत्राच आतल्या बाजूने चौकोनी कापून कान भिंतीत सोडून द्यावा. कान उपटायच्या नादात दोन-तीन विटा निघून येतात.

त्यानंतर डब्याला आतून बाहेर असे हलके ठोके द्यायचे, मागच्या पत्र्यापासून सुरुवात करून. गंज पिठासारखा झडायला लागला की काम होत आलं. वरच्या दोन गोलांतून साखळी घालून, आडव्या सळईला गुंडाळून दोघांनी सरळ पुढे ओढावं. सब्बल लावायची वेळ आली तर तिची टेकण जमिनीवर ठेवलेल्या लाकडी फळीवर घ्या, पुढच्या विटेवर कधीच नाही. चुलीचा पुढचा पाया मोडला तर नव्या डब्याला बसायला जागा उरत नाही, आणि सगळ्यात जास्त चुली याच एका चुकीने फुटतात.

सांध्यात डिझेल ओतायचा सल्ला हमखास मिळतो. ट्रॅक्टरच्या बोल्टाला ते ठीक आहे. चुलीत मात्र ते विटांत मुरतं, डब्याची पाचर काही सोडवत नाही, आणि पुढचे कित्येक दिवस भाकरीला वास येतो.

इतकं करूनही हलला नाही तर डबा अखंड काढायचा हट्ट सोडून द्यावा आणि त्याला आतल्या आत मिटवावं. वरच्या दोन गोलांमधली पट्टी ही डब्याची सगळ्यात कमजोर जागा. तिथे आधी काप द्यायचा, मग पुढच्या काठापासून पहिल्या गोलापर्यंत आणि दुसऱ्या गोलापासून मागच्या पत्र्यापर्यंत. वरचा भाग दोन तुकड्यांत सुटतो. नंतर एका बाजूच्या पत्र्याला तीन इंचांवर दोन उभे काप देऊन मधली पट्टी आत ओढून काढली की उरलेल्या बाजूंना आत वळायला जागा मिळते, आणि वीट न हलता डबा गोळा होऊन बाहेर येतो. कापताना ठिणग्या मागच्या धुराड्याच्या भोकात जातात, म्हणून तिथे ओलं पोतं कोंबून ठेवावं. डब्याला किंवा पाइपाला जस्ताचा मुलामा असेल तर कापताना निघणारा पांढरा धूर छातीत घेऊ नये. दारं-खिडक्या उघडी ठेवा.

बिडाच्या डब्याला हा क्रम चालत नाही. बीड वळत नाही, तुटतं. त्यावर ओलं पोतं पसरून, काठाजवळ, जिथे खाली टेकण नाही अशा ठिकाणी हातोडा मारायचा. मधोमध जोराचा घाव घातला तर तो धक्का थेट बाजूच्या विटांना जातो. तुकडे काचेसारखे धारदार उडतात, चष्म्याशिवाय हात लावू नये. तुकडे भंगारात वेगळे ठेवा, बीड आणि पत्रा एकाच ढिगात दिले की पत्र्याचाच भाव मिळतो.

कोणता डबा घ्यावा

ड्रमच्या पत्र्याचा डबा स्वस्त आणि हलका, डोक्यावर घेऊन बाजारातून आणता येतो. पण २०० लिटरच्या ड्रमचा पत्रा एक ते सव्वा मिलिमीटरच असतो. रोजच्या जाळावर तो लवकर चाळणी होतो, आणि मोठा गंज ठेवला की वरचा भाग खाली बसतो. गंमत अशी की काढायला तो सगळ्यात सोपा: हाताने चुरगळून निघतो. त्यात आधी काय भरलेलं होतं हे मात्र विचारा. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला, जाळला तरी स्वयंपाकाच्या चुलीत नको.

फॅब्रिकेशनच्या दुकानात न सांगता मिळतो तो २ मि.मी.चा डबा. आमच्या मते तीन प्रकारांत सगळ्यात वाईट हाच. चेपायला जाड आणि तग धरायला पातळ, अशी त्याची गत आहे. एका हंगामात पोटाला येतो, विटांत अडकतो आणि काढताना वर सांगितलेला सगळा खटाटोप करायला लावतो. ४ मि.मी.चा घ्यायचा. दुकानदार 'चारचाच आहे' म्हणून रंग मारून देतो, तेव्हा जाडी बघता येत नाही. वजन बघता येतं. १८ इंच लांब, १२ इंच रुंद, ९ इंच उंच, वर ७ आणि ६ इंचाचे गोल, खालून व पुढून उघडा असा डबा ४ मि.मी.च्या पत्र्यात पावणेबारा किलोच्या आसपास भरतो. २ मि.मी.च्या पत्र्यात सहाला थोडा कमी. मागच्या धुराड्याच्या चार इंची भोकाने चारच्या पत्र्यात पाव किलो, दोनच्या पत्र्यात अर्धापाव कमी होईल इतकंच. काट्यावर साडेआठ-पावणेनऊ किलो आला तर तीनचा पत्रा लावला आहे हे न भांडताही कळतं. आणि रंग मारूच देऊ नका. पहिल्याच जाळात तो जळतो आणि घरभर वास करतो.

ऑर्डर देताना चार गोष्टी कागदावर काढून द्याव्यात. मागची रुंदी पुढच्यापेक्षा एक इंच कमी, म्हणजे डबा निमुळता होतो आणि जरासा पुढे आला की लगेच मोकळा सुटतो. वरचं झाकण सुटं, खाचेत बसणारं. बोल्टचं नको, कारण चुलीतला बोल्ट पुन्हा कधी उघडत नाही. जाळीही सुटी, १२ मि.मी.च्या सळईची, बोटभर फटी ठेवून. आणि होल्डफास्ट नाहीत. हे शेवटचं दोनदा सांगावं लागतं.

स्टेनलेस स्टीलचा डबा सुचवणारे दुकानदार वाढले आहेत. ३०४ प्रतीचं स्टील गंजत नाही हे खरं, पण ते साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं: त्याच १८ इंचांत आणि त्याच जाळावर साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त. फट मोठी ठेवणारा गवंडी हाताशी असेल तरच त्या वाटेला जावं. किंमत पाहता घरच्या चुलीला ते परवडत नाही.

बिडाचा डबा वर्षानुवर्षं टिकतो, वाकत नाही, उष्णता धरून ठेवतो. लग्नाकार्याचा मोठा गंज त्यावर बिनधास्त ठेवावा. पण तापलेल्या बिडावर गार पाणी सांडलं की तडकतं, आणि तडकलेल्या बिडाला गावातला वेल्डिंगवाला हात लावत नाही. ज्या घरात चुलीवर दिवसभर पाणी तापतं, उतू जातं, तिथे नको. हॉटेलच्या भट्टीला किंवा कमी सांडासांड असलेल्या चुलीला चांगला.

एक स्पष्ट बोलायचं तर, तीन-चार माणसांच्या घरी डब्याची गरजच नसते. लोखंड जाळातली उष्णता ओढून विटांना देतं, तर मातीचा गाभा ती जाळातच राखतो. म्हणून मातीच्या चुलीत सरपण स्वच्छ जळतं. जुन्या कवेलूंचे तुकडे उभे लावून वरून वारुळाच्या मातीचा लेप दिलेली चूल पत्र्याच्या डब्यापेक्षा चांगली पेटते. डबा घ्यायचा तो दोन कारणांसाठी: आडवीतिडवी पऱ्हाटी कोंबताना तोंडाच्या कडा ढासळू नयेत म्हणून, आणि जड गंजाचा भार पेलावा म्हणून.

पुन्हा बसवताना

डबा निघाल्यावर आतल्या विटा हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा. खणखणीत वाजणारी ठेवावी, बद्द वाजणारी काढावी. बदली म्हणून भट्टीची लाल वीटच हवी. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा भागात औष्णिक केंद्रांच्या राखेच्या विटा सर्रास मिळतात. भिंतीला त्या चांगल्या, पण त्या बहुधा सिमेंटने बांधलेल्या असतात आणि जाळाजवळ सिमेंटचा जीव जातो. तेच सिमेंटच्या मसाल्याचं. आत मातीच वापरायची. काळी माती नको, ती वाळताना भेगाळते. गढीची पांढरी माती किंवा वारुळाची माती चाळून, तिच्यात रेती आणि बारीक कुटार मिसळून, दोन दिवस भिजत ठेवलेला गारा उत्तम.

फट राखायची सोपी युक्ती म्हणजे पुठ्ठा. डब्याच्या बाजूंना नालीदार खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक थर, मागे दोन थर गुंडाळून दोरा बांधावा आणि त्यावरून बांधकाम करावं. पहिल्या जाळात पुठ्ठा जळून जातो आणि डब्याला वाढायला नेमकी जागा राहते. पुढच्या काठाला तेवढी मातीची बारीक वळी फिरवायची, म्हणजे फटीतून धूर बाहेर येत नाही. ती वळी तडकेल. पोतेरं फिरवताना बोटाने भरत राहायची. धानपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, भातगिरणीतली कोंड्याची राख फुकट मिळते. बाहेरच्या विटा आणि आतल्या थराच्या मध्ये ती मातीत कालवून भरली तर उष्णता बाहेर कमी जाते आणि चुलीला टेकलेली भिंतही तापत नाही.

नवा पाइप चार इंची असावा, छपराच्या वर निदान दोन फूट काढलेला. लाकडी फाट्यांपासून तो फूटभर दूर हवा. छपरातून जातो तिथे भोवती मोठा टिनाचा गाळा सोडून मधली जागा रिकामी ठेवावी. तिथे फडकं किंवा कुटार कोंबणं म्हणजे आगीला बोलावणं.

आठ-दहा दिवस चूल तशीच वाळू द्यावी. मग तीन दिवस रोज थोड्या काड्यांचा अर्ध्या तासाचा जाळ, तोही गंज न ठेवता. चौथ्या दिवशी चूल पूर्ण गार असताना डब्याचा पुढचा काठ दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. मातीची वळी किंचित तडकून डबा केसभर हलला, तर बसवला बरोबर. तसूभरही हलत नसेल तर गवंड्याचे पैसे द्यायच्या आधी फटीत आरीचं पान फिरवून बघा, कुठेतरी गारा आत भरलेला सापडेल.